गोळी सुरू होते तो दिवस

शिक्षकांच्या खोलीत, कचेरीच्या मधल्या सुट्टीत किंवा सायंकाळच्या लोकलच्या डब्यात ज्या विषयावर प्रत्येकाला काही ना काही सांगण्यासारखे असते, अशा विषयांत महागाई भत्त्याच्या खालोखाल आता साखरेचा क्रमांक लागावा. ही साखर शिधापत्रिकेवरची नव्हे, रक्तातली. कोणाची उपाशीपोटी एकशे चाळीस निघालेली असते, कोणाची जेवणानंतर सव्वादोनशे. आणि कोणाला कोणती गोळी ‘लागू पडली’ याचा वृत्तांत तर मोठ्या आत्मविश्वासाने कथन केला जातो. या चर्चेची अखेर पुष्कळदा एका चिठोऱ्यावर गोळीचे नाव लिहून देण्यात होते. घरी जाताना तो चिठोरा औषधाच्या दुकानात दाखवला की गोळी हाती पडते आणि ज्याची मूत्रपिंडे, यकृत वा हृदय कोणत्या स्थितीत आहे हे कोणालाच ठाऊक नाही, असा एक मनुष्य रात्रीच्या जेवणाबरोबर आयुष्यभराच्या उपचाराचा आरंभ करून मोकळा होतो.

हा प्रकार अपवादात्मक असता, तर त्याची दखल या पृष्ठावर घेण्याचे कारण नव्हते. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर अनेक वर्षांच्या संशोधनातून असे दाखवून दिले आहे की, दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते आणि म्हणूनच ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हे समाधान आपल्यापैकी अनेकांना परवडणारे नाही. अशा कोट्यवधी माणसांच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा गोळीचा पहिला दिवस उगवणार आहे. तो दिवस कसा उगवतो, हा म्हणूनच एका कुटुंबापुरता प्रश्न राहत नाही.

भय आणि घाई

या पहिल्या दिवसाबाबत आपल्या समाजात दोन परस्परविरोधी प्रवृत्ती दिसतात. एक भयाची आणि दुसरी घाईची. ‘एकदा गोळी लागली की ती जन्माची लागली’ असे म्हणत काही जण ती वर्षानुवर्षे टाळतात; कारल्याचा रस, मेथीचे दाणे, कोणा ओळखीच्याने दिलेले चूर्ण असे करीत दिवस ढकलतात. या समजुतीत कार्यकारणभावाची उलटापालट झालेली आहे. जन्माची सोबत असते ती आजाराची. गोळी त्या आजारामागोमाग येते. तिचे व्यसन लागत नाही. वजन घटवून आणि आहारविहार सुधारून काहींची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होते, क्वचित गोळी थांबतेही. परंतु गोळी न घेतल्याने आजार थांबला, असे मात्र होत नाही.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मधुमेह ही म्हण खोटी पाडतो. तो येतो तोच मुंगीच्या पावलांनी. पहिली काही वर्षे तो दुखत नाही, खुपत नाही. आणि त्याच काळात डोळ्यांच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा त्याची किंमत मोजीत असतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली ज्याचे मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्या प्रदीर्घ अभ्यासाने हे सिद्ध केले की, नव्याने निदान झालेल्या रुग्णांची साखर आरंभापासून काटेकोरपणे आवरली, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत सुमारे एक चतुर्थांशाने घट होते. त्याच अभ्यासात, वजन अधिक असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिले गेले, त्यांच्यात मधुमेहाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा भयापोटी गोळी टाळणाऱ्याने आपण काय टाळीत आहोत, याचा शांतपणे विचार करावा.

घाईची प्रवृत्ती तितकीच घातक. कोणत्या तरी शिबिरात बोटाला सुई टोचून काढलेल्या एका आकड्यावर गोळी सुरू करणे म्हणजे एका घटक चाचणीवरून वर्षाचा निकाल लावण्यासारखे आहे. उपाशीपोटी १२६ वा त्याहून अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा त्याहून अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी एचबीएवनसी चाचणी ६.५ टक्के वा अधिक, हे निदानाचे मान्य निकष आहेत. आणि लक्षणे नसतील, तर चाचणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी, असा वैद्यकाचा दंडक आहे. शिवाय, झपाट्याने वजन उतरलेला, सतत तहानलेला, उलट्या होत असलेला रुग्ण केवळ गोळीने सावरेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याला तातडीने इन्सुलिनची गरज असू शकते. तेथे शेजाऱ्याची गोळी प्राणावर बेतू शकते.

एका वनस्पतीपासून

आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. युरोपात गलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती पूर्वापार औषधी म्हणून ज्ञात होती. तिच्यातील साखर उतरविणाऱ्या द्रव्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन हे रसायन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले. पण ज्याँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने माणसांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला तो १९५७ साली. त्याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषध अधिक प्रभावी म्हणून काही काळ गाजले. मात्र त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवू लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने ते बाजारातून काढून घेतले. या बदनामीमुळे निर्दोष भावंडालाही अमेरिकेत प्रवेश मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

या इतिहासाचा अर्थ असा की, आज जी गोळी आपण निःशंकपणे गिळतो, तिच्यामागे दशकानुदशकांची सावधगिरी आहे. लॅक्टिक आम्लाचा तो धोका मेटफॉर्मिनमध्ये अत्यंत विरळा आहे. परंतु तो विरळा राहतो तो मूत्रपिंडांची क्षमता पाहून गोळी दिली म्हणून. रक्तातील क्रिएटिनिन तपासून ही क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढता येते. ती ३० च्या खाली असेल, तर मेटफॉर्मिन देऊ नये आणि ३० ते ४५ च्या दरम्यान असेल, तर नव्याने सुरू करणे टाळावे, असा संकेत आहे. ही तपासणी साधी, स्वस्त आणि सर्वत्र होणारी आहे. चिठोऱ्यावरून सुरू झालेल्या गोळीत नेमकी तीच वगळली जाते.

दुसरी गोष्ट मात्रेची. मेटफॉर्मिन साधारणतः ५०० मिलिग्रॅमपासून, दिवसातून एकदा, जेवणाबरोबर सुरू करून आठवड्या-पंधरवड्याने पायरीपायरीने वाढविले जाते. याचे कारण पोट. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव हे त्रास आरंभी पुष्कळांना होतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरतात. हे अगोदर कोणी सांगितलेले नसते. मग वर्गावर तास घेत असताना किंवा खिडकीसमोर रांग उभी असताना ज्याला दोनदा उठून जावे लागते, तो तिसऱ्या दिवशी ‘मला ही गोळी सोसत नाही’ असा निकाल देऊन ती बंद करतो. डॉक्टरांना कळवण्याचा संकोच, पुन्हा फी भरण्याची धास्ती आणि साखर काही दुखत नाही, ही सोय. तिन्ही मिळून उपचार तेथेच संपतो. वस्तुतः मात्रा कमी करून, जेवणाच्या मध्यावर गोळी घेऊन किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराची गोळी देऊन हा प्रश्न बहुतांशी सुटतो. ती हळू विरघळणारी गोळी मात्र कुटून वा चावून घ्यावयाची नसते आणि तिचे रिकामे टरफल कधी शौचावाटे पडलेले दिसले, तर औषध वाया गेले, असेही मानावयाचे नसते. दोन वाक्यांत सांगता येण्याजोग्या या गोष्टी न सांगितल्यामुळे किती उपचार अर्ध्यावर मोडले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

तिसरी गोष्ट दीर्घकाळाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व उणावू शकते. शाकाहारी कुटुंबांत ते मुळातच बेताचे असते. पायांना मुंग्या येणे हे लक्षण मग मधुमेहाच्या खाती जमा होते आणि खरे कारण तसेच राहते. म्हणून अधूनमधून ही तपासणी करून घेणे इष्ट.

साखर उतरते तेव्हा

मेटफॉर्मिन एकटे घेतले असता साखर धोकादायक पातळीखाली सहसा जात नाही. परंतु आपल्याकडे प्रचलित असलेल्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचा स्वभाव वेगळा आहे. त्यांच्या कुळाचा शोधच मुळी एका अपघातातून लागला. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध दिले असता त्यांची साखर एकाएकी घसरू लागली. त्या निरीक्षणातून पुढे या गोळ्या जन्मास आल्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात आणि मनुष्य जेवला आहे की नाही, याची वाट पाहत नाहीत. म्हणून गोळी घेतली आणि जेवण लांबले, तर दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, भोवंड, बोलण्यात असंबद्धता, अशी लक्षणे उद्भवतात. वयोवृद्धांत ही अवस्था वाताचा झटका वा म्हातारचळ समजली जाण्याचा धोका असतो. ग्लिबेनक्लामाइड साठीपुढच्यांना योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत नमूद आहे, ते याच कारणाने.

साखर ७० च्या खाली गेली वा तशी लक्षणे दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सावरल्यावर काही खावे. व्होग्लिबोज मिसळलेली गोळी घेणाऱ्यांनी मात्र घरातील साखरेवर विसंबू नये, कारण ते औषध साखरेचे पचन लांबवते; त्यांच्याजवळ ग्लुकोजची पूडच हवी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि तो सावरला, तरी या गोळ्यांचा अंमल अनेक तास टिकत असल्याने साखर पुन्हा उतरू शकते, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राच्या पंचांगात हा इशारा विशेष अर्थपूर्ण ठरतो. संकष्टी, आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र. मुस्लिम बांधवांचे रमझानचे रोजे. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ या म्हणीतला विनोद मधुमेह्याच्या बाबतीत विनोद राहत नाही. दिवसभर पोट रिते ठेवून साखर खाली नेणे आणि फराळाला साबुदाणा नि बटाटा घेऊन ती वर चढवणे, ही दोन्ही टोके तो एकाच दिवशी गाठू शकतो. उपवास करावा की न करावा, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु करावयाचा असेल, तर त्या दिवशीच्या गोळीचे काय, हे आधी डॉक्टरांना विचारण्यात श्रद्धेला कोणताही बाध येत नाही.

गेल्या काही वर्षांत डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे एकस्व संपल्यामुळे आपल्याकडे स्वस्त झाली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि हृदय व मूत्रपिंडे यांना संरक्षण देतात, ही मोठीच देणगी होय. परंतु त्यांच्यामुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, ज्याविषयी आपल्याकडे विशेषतः स्त्रिया लाजेने बोलत नाहीत. आणि क्वचित साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होण्याची गंभीर अवस्था उद्भवू शकते. म्हणून उलट्या-जुलाब, कडक उपवास वा ठरलेली शस्त्रक्रिया, यांच्या वेळी ही गोळी थांबवावी काय, ते विचारून घेणे अगत्याचे. जुलाबांनी शरीर कोरडे पडले असता मेटफॉर्मिनबाबतही हाच प्रश्न विचारावा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

चिठ्ठी आणि दुकान

येथपर्यंत रुग्णाच्या कर्तव्याविषयी लिहिले. परंतु सगळा बोजा त्याच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम आहे; तो वेष्टनावर छापलेलाही असतो. तथापि दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळते, हा सर्वांचा अनुभव आहे. पट्टीतून चार-सहा गोळ्या कापून देण्याची रीत तर अशी की, औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि रुग्णाच्या हाती येतो तो तिसराच. त्यातच दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या गोळ्यांचे पीक आलेले. आकर्षक व्यापारी नावाखाली आत मेटफॉर्मिन आहे, ग्लिमेपिराइड आहे की व्होग्लिबोजही, हे घेणाऱ्याला उमगत नाही. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेले एकच औषध दुप्पट मात्रेत पोटात जाते, ते अशानेच. आरंभीच एकत्रित गोळी सुरू केली, तर त्रास कोणत्या घटकामुळे झाला, हेही उकलत नाही आणि एकाची मात्रा बदलायची, तर दुसऱ्याचीही बदलते. काही रुग्णांना एकत्रित गोळीची गरज असते, हे मान्य. पण ती गरज डॉक्टरांनी ठरवावी, सोयीने नव्हे.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या नियमावलीत २०१६ पासून आहे. औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे, हे औषधविक्रेत्याचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांत म्हटले आहे. हे दोन नियम जरी प्रामाणिकपणे पाळले गेले, तरी या लेखातील निम्मा मजकूर अनावश्यक ठरावा. परंतु ज्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरासमोर सकाळपासून शेकडो माणसे तिष्ठत असतात, तेथे समजावून सांगण्यास वेळ कोठून आणावा, हा प्रश्नही खोटा नाही. त्याला एक उत्तर असे, की सर्व काही डॉक्टरांनीच सांगितले पाहिजे, असे नाही. मधुमेहाचे औषध प्रथमच सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती शासनाने सोप्या मराठीतील, ठळक अक्षरांतील एक पान द्यावे. गोळी केव्हा घ्यायची, कोणता त्रास सोसायचा आणि कोणत्या त्रासासाठी धावायचे, साखर उतरली तर काय करायचे, पुढची तपासणी केव्हा, एवढेच त्यावर असावे. आशा कार्यकर्ती वा परिचारिका ते वाचून दाखवू शकते. वेष्टनावरील बारीक इंग्रजी मजकूर ज्यांना वाचता येत नाही, त्यांचाही त्या औषधावर तेवढाच अधिकार आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ साली मिळाला, याचा आनंद साजरा करणाऱ्या राज्यात औषधाची माहिती मराठीत मागणे, हे काही जगावेगळे मागणे नव्हे.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. गोळी लिहून दिली जाईल त्या वेळी पाच प्रश्न विचारावेत: या गोळीत कोणते औषध आहे? माझी मूत्रपिंडे तपासली आहेत काय? ही जेवणाआधी, जेवताना की नंतर, आणि जेवण चुकले तर काय? हिने साखर फार उतरू शकते काय? आणि मी पुन्हा केव्हा दाखवावे? आधीपासून चालू असलेल्या औषधांची यादी, मग ती रक्तदाबाची असोत, क्षयाची असोत वा कोणा वैदूने दिलेली पुडी असो, न लपवता समोर ठेवावी. क्षयावरील रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटवते आणि स्टिरॉइड साखर चढवते. मद्यपान असेल, तर तेही सांगावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तो आधी बोलून दाखवावा. एखादी गोळी विसरली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. त्रास झाला, तर बंद करण्यापूर्वी कळवावे.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. आपल्या वर्गातील मुलाने शंका विचारली, तर तो उद्धट आहे, असे चांगला शिक्षक मानीत नाही. त्याचे लक्ष आहे, असे मानतो. रुग्णाच्या प्रश्नाकडे त्याच दृष्टीने पाहण्याची सवय आपल्या वैद्यकास लागली आणि सहकाऱ्याने दिलेला चिठोरा खिशात न घालता तपासणीच्या कागदांसह डॉक्टरांपुढे बसण्याची सवय आपल्याला लागली, तर गोळीचा पहिला दिवस भयाचाही राहणार नाही आणि निष्काळजीपणाचाही. त्यासाठी नव्या शोधाची प्रतीक्षा करावयाची नाही. औषध उपलब्ध आहे, स्वस्त आहे आणि ते कसे सुरू करावे, याचे ज्ञानही उपलब्ध आहे. ते ज्ञान गोळीबरोबरच रुग्णाच्या हाती पडावे, एवढीच मागणी आहे आणि ती शासन, वैद्यक व्यवसाय आणि औषधविक्रेते या तिघांकडेही आहे.